मोटर उचलणार कोण?

शिडाची बोट विकत घेणारा माणूस सगळं विचारतो. डोलकाठीला धरणाऱ्या तारा कधी बदलल्या, इंजिन किती तास चाललं, शिडं कितीदा शिवली, तळाच्या फायबरमध्ये पाणी मुरलंय का. डिंगी कुठे ठेवायची आणि तिची मोटर कोण उचलणार, एवढं मात्र विचारायचं राहून जातं. मग बोट घरची झाली की डिंगी कुठेतरी बांधली जाते, मोटर कुठेतरी अडकवली जाते आणि पुढची दहा वर्षं ती तिथेच राहते. माझं म्हणणं असं आहे की हे दोन प्रश्न बोटीचा विसार देण्याआधी सुटायला हवेत, आणि ते सोडवताना बोटीवरच्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाकडे बघायला हवं. आमच्या बोटीवर ते माणूस म्हणजे मी. वय 64, वजन 52 किलो, डावा गुडघा कुरकुरणारा.

शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नवऱ्याला पूर्वीपासून शिडाचा नाद, मला त्याच्यामुळे लागला. आमची 34 फुटांची जुनी बोट आम्ही दुसऱ्याकडून घेतली, तेव्हा ओळखीच्यांनी विचारलं होतं की लॉटरी लागली का. लॉटरी नव्हे, भविष्यनिर्वाह निधी. बोट मुंबई बंदरात नांगरलेली असते. पावसाळा संपला की आम्ही दोघं कोकणात उतरतो आणि मेच्या मध्यापर्यंत बोट बाहेर काढायच्या तयारीला लागतो.

ज्यांनी अशी बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली शिशाचा किंवा बिडाचा जड कणा असतो. शिडात वारा भरल्यावर ती उलटू नये म्हणून तो लागतोच. त्यामुळे आमच्या बोटीला तरंगायला सहा फूट पाणी हवं. कोकणातल्या बहुतेक लहान बंदरांत ओहोटीला धक्क्याशी एवढं पाणी नसतं. बोट लांब खोल पाण्यात नांगरायची आणि किनाऱ्यापर्यंतचं अंतर छोट्या होडीने कापायचं. ही छोटी होडी म्हणजे डिंगी, आणि तिच्या पाठीला शिकंज्याने अडकवतात ती आउटबोर्ड मोटर. आपल्याकडचे मच्छीमार तिला ओबीएम म्हणतात. भाजी, पिण्याचं पाणी, गॅस, औषध, आजारी माणूस, सगळं डिंगीतूनच ये-जा करतं.

खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ ताशी दोन सागरी मैल सहज असते, आणि फुगवलेली डिंगी मी जीव तोडून वल्हवली तरी साधारण तेवढीच चालते. म्हणजे ओढीच्या विरुद्ध वल्हवलं की मी आहे तिथेच. म्हणून मोटर लागते. वल्ही तरीही बरोबर असावीत, कारण मोटर बंद पडते ती नेमकी मध्यावर.

डिंगी ठेवायच्या तीन जागा आहेत: मागे दोरीला, पिछाडीला टांगून, किंवा डेकवर. पहिली सगळ्यांना आवडते, कारण तिला कष्ट नाहीत. नांगर उचलला, डिंगीची दोरी मागे बांधली, निघालो. बंदरातल्या बंदरात हे चालतं. खुल्या समुद्रात चालत नाही. ऑक्टोबर ते मे आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाताना तो पाठीवर असतो, लाटाही मागून येतात. मोठी बोट आपल्या गतीने चाललेली असते आणि मागची हलकी डिंगी प्रत्येक लाटेवरून घसरत येऊन पिछाडीला धडक देते. लाट पुढे गेली की मागे राहते, दोरी ढिली पडते, मग एकदम ताणते. असे हजारो हिसके एका दोरीने आणि डिंगीला चिकटवलेल्या दोन कड्यांनी सोसायचे. इंजिन चालू असताना दोरी ढिली पडली तर ती पंख्यात जाते. त्यात आपला किनारा जाळ्यांनी भरलेला. रात्री जाळ्याचा फ्लोट बोटीच्या तळाखालून निसटलाच, तर मागची डिंगी त्यात अडकते.

मालवणला एका तांडेलाने माझ्या शेजारच्या बोटीला हे एका वाक्यात सांगितलं होतं. पलीकडचे नवरा-बायको गोव्याला निघाले होते, डिंगी मागे, तिच्यावर मोटर तशीच. तो आपल्या पातीवरून म्हणाला, “वयनी, ही होडी मागसून कित्याक ओढतास? वर घेवा.” त्यांनी घेतली की नाही ते मला दिसलं नाही, पण सल्ल्यात दुरुस्तीला जागा नव्हती.

दुसरी जागा डेव्हिट्सची. पिछाडीला दोन वाकडे स्टीलचे हात बसवतात आणि डिंगी त्यांना टांगतात. बंदरात ही सोय फार छान आहे. रात्री डिंगी वर असली की चोराला ती सहज सोडवून नेता येत नाही, तळाला शेवाळ धरत नाही. प्रश्न येतो मागून लाट चढते तेव्हा. दहा फुटी डिंगीची फरशी साधारण दीड चौरस मीटर भरते. तीत दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते झालं 150 लिटर, म्हणजे 150 किलो. हे ओझं बोटीच्या अगदी टोकाला, पाण्याच्या वर, उसळणारं. वर्गात मी मुलांना आघूर्ण शिकवताना फळीवर वजनं सरकवून दाखवायची. वजन टेकूपासून जितकं लांब, तितका त्याचा जोर मोठा. डेव्हिट्सच्या बोल्टला हाच धडा लाटेलाटेला मिळतो. डिंगीच्या तळाचं बूच काढून ठेवलं तर पाणी गळून जातं, पण लाट भरायला क्षण लागतो आणि बूच रिकामं करायला काही मिनिटं. चाळीस-पंचेचाळीस फुटांची रुंद पिछाडीची बोट असेल, हवामान ओळखून जाणार असाल, तर डेव्हिट्स ठेवा. 34 फुटांवर नकोत.

राहिली तिसरी जागा, डेक. डिंगी उलटी करून डोलकाठीच्या पुढे किंवा केबिनच्या छतावर घट्ट बांधायची. हिला कष्ट पडतात, म्हणून ही कोणाला नको असते. मुंबईकडे परतताना तोच वायव्य वारा तोंडावर असतो. बोट आखूड लाटांत नाक आपटत येते, पुढच्या डेकवरून हिरवं पाणी वाहतं. त्या पाण्याखाली टिकायचं तर डिंगी पालथी, सपाट आणि चार बाजूंनी डेकच्या पक्क्या कड्यांना आवळलेली हवी. रेलिंगच्या खांबांना बांधायची नाही. ते माणसाला हात द्यायला असतात, डिंगीवर आपटणारं पाणी झेलायला नाही. दोन गोष्टी आणखी पाहायच्या. सुकाणूवरच्या माणसाला पुढचं दिसलं पाहिजे. आणि पुढच्या केबिनच्या वरचं हॅच झाकलं जाता कामा नये, कारण आत आग लागली तर तीच बाहेर पडायची दुसरी वाट.

आम्ही डोलकाठी ते हॅच अशी मोकळी जागा टेप लावून मोजली आणि तेवढ्यात मावणारी डिंगी शोधली. आठ फुटी, हवा भरायच्या फरशीची, 25 किलोची. नाकाकडच्या फुग्यातली हवा सोडली की ती बसते. शीड चढवायचीच एक मोकळी दोरी तिच्या नाकाला लावायची आणि विंचवर फिरवून वर घ्यायची. हे मी एकटी करते. नवऱ्याचा उजवा खांदा आखडलेला आहे. त्याचं काम डिंगी रेलिंगला घासू न देण्याचं.

डेकला विरोध करणारे म्हणतात की 34 फुटांवर जागाच कुठे असते. त्यांना मी जोशुआ स्लोकमचं उदाहरण देते. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. 1895 साली निघाला, 1898 मध्ये परतला. त्याची ‘स्प्रे’ सुमारे 37 फुटांची, आमच्याहून जेमतेम तीन फूट लांब. डेकवर अख्खी होडी मावेना, तेव्हा त्याने मासेमारीची एक डोरी मधोमध कापली, कापलेल्या तोंडाला फळ्या ठोकल्या आणि ती अर्धी होडी बरोबर नेली. त्याच होडीत कपडे धुवायचे, त्यातच आंघोळ करायची, असाही त्याचा हिशेब होता. डेकची जागा ठरलेली, होडी तिच्या मापाची, असा हा क्रम. आपण मोठी डिंगी आधी घेतो आणि मग तिच्यासाठी समुद्राकडून सवलत मागतो.

आता मोटर. क्लबात बसलेली मंडळी सांगतात, पंधरा हॉर्सपॉवर घ्या, डिंगी पाण्यावर उडते. उडते हे खरं. पण पंधराची फोर-स्ट्रोक मोटर 50 किलोच्या आसपास जाते. ती घेऊन माणूस हलत्या डिंगीत उभा राहणार, दुसरा बोटीच्या पिछाडीवर वाकणार, दोघांच्या मधलं अंतर लाटेबरोबर दोन फूट वर-खाली होणार. बोटिंगमध्ये पाठ जाते, बोटं चिरडतात, माणूस पाण्यात पडतो, ते फार करून याच अर्ध्या मिनिटात. म्हणून लोक काय करतात? मोटर काढतच नाहीत. ती डिंगीवर तशीच ठेवून डिंगी ओढतात किंवा टांगतात. जड मोटरचा खरा तोटा हा आहे. ती चुकीच्या जागी राहते, कारण योग्य जागी न्यायला कोणी धजत नाही.

ओले एव्हिनरुडने 1909 साली जी आउटबोर्ड बाजारात आणली ती दीड हॉर्सपॉवरची आणि 28 किलोची होती. आज अडीच हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक 17 किलोत मिळते. आम्ही तीच वापरतो. दोन माणसं आणि सामान घेऊन ताशी चारेक सागरी मैल जाते. ओहोटीचे दोन वजा केले तरी दोन उरतात, म्हणजे मी किनाऱ्याला पोचते. पिछाडीच्या रेलिंगवर लाकडी ठोकळा बसवला आहे, त्यावर मोटर शिकंज्याने आवळते. मोटरला पट्ट्यांचा साज घातलेला असतो, त्याचा हूक वर आडव्या लाकडाला लावलेल्या चार-दोरी कप्पीला. कप्पीचं गणित सोपं आहे: 17 किलो चार दोऱ्यांत वाटले की हाताला सव्वाचार आणि घर्षणाचे थोडे. शिकंजा सोडण्याआधी मोटरला वेगळी दोरी बांधलेली असते, आणि ती मोटर ठोकळ्यावर बसून शिकंजा आवळेपर्यंत सुटत नाही. बोट धडधडत राहिली की शिकंजे ढिले होतात, म्हणून त्यांनाही कुलूप.

क्रम आमचा ठरलेला आहे आणि तो घाईतही मोडत नाही. आधी मोटर वर, मग सामान, मग माणूस, शेवटी रिकामी डिंगी. मोटरसकट डिंगी उचलायची नाही.

मोटर आडवी कोठारात टाकायची हौस असेल तर तिच्या पुस्तिकेतलं चित्र बघा. फोर-स्ट्रोक मोटर ठरावीक कुशीवरच झोपते. दुसऱ्या कुशीवर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. त्याआधी उभी धरून आतलं पाणी निथळू द्यायचं. मी ती आडवी ठेवतच नाही. रेलिंगवर उन्हातान्हात तिला एक कापडी झूल पुरते.

पेट्रोलबद्दल मात्र मी ऐकून घेत नाही. शिडाच्या बोटींची मुख्य इंजिनं डिझेलची असतात, याला मोठं कारण सुरक्षितता आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. डबा गळला तर ती उडून जात नाही, पायऱ्यांवरून खाली उतरते, तळाच्या खाचेत साचते आणि ठिणगीची वाट बघते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी पेट घेते, आणि तळात पंपाचा स्विच असतो, बॅटऱ्या असतात, वर गॅसची शेगडी असते. म्हणून पेट्रोलचा डबा केबिनमध्ये नाही, बिछान्याखाली नाही, ज्या कोठाराला आतून वाट आहे तिथेही नाही. तो बाहेर, सावलीत, किंवा ज्याच्या तळाशी थेट समुद्राकडे उघडणारं भोक आहे अशा कप्प्यात. मोटरही वर आणण्याआधी टाकीची झडप आणि झाकणाची हवा बंद करायची. आमची मोटर तासाला लिटरभर पेट्रोल खाते, तिची स्वतःची टाकी लिटरभराची. पाच लिटरचा एक डबा आम्हाला आठवडाभर पुरतो. मोठी मोटर घेतली की डबेही मोठे होतात, हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही.

त्यात आता इथेनॉल आहे. 2025 पासून देशभर पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि समुद्रावर दमट नसलेली हवा कुठून आणायची? पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि मोटर नेमकं तेच आधी पिते. म्हणून पेट्रोल थोडं आणि ताजं घ्यावं. मोटर चार दिवस चालणार नसेल तर झडप बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवावी, नंतर गोड्या पाण्याने धुवावी. पुढची मोटर मी विजेची घेणार आहे. सुट्या बॅटरीची मोटर दोन तुकड्यांत उचलता येते आणि बोटीवरून पेट्रोलचा डबा कायमचा जातो.

आणखी एक आक्षेप येतो: संकटासाठी लाइफराफ्ट असतो, मग डिंगी हाताशी कशाला हवी? लाइफराफ्ट हवाच, डिंगी त्याची जागा घेत नाही. पण 15 जून 1972 रोजी गालापागोस बेटांपलीकडे किलर व्हेलच्या धडकेने रॉबर्टसन कुटुंबाची ‘लुसेट’ बुडाली, तेव्हा सहा माणसं राफ्ट आणि नऊ फुटी फायबरची डिंगी घेऊन पाण्यात उतरली. सतरा दिवसांत राफ्ट निकामी झाला. उरलेले दिवस सहाही जण त्या डिंगीत होते. अडतिसाव्या दिवशी जपानी मच्छीमारांनी त्यांना उचललं, सगळे जिवंत. पुढच्याच वर्षी मॉरिस आणि मॅरॅलिन बेली हे ब्रिटिश दांपत्य राफ्ट आणि फुगवायची डिंगी एकमेकांना बांधून 117 दिवस पॅसिफिकमध्ये तरंगलं आणि वाचलं. कोठाराच्या तळाशी, पालांच्या आणि दोऱ्यांच्या खाली घडी करून ठेवलेली डिंगी अशा वेळी कोणाच्या कामाला येणार? डेकवर असलेली डिंगी दोन दोर कापले की पाण्यात जाते.

हे सगळं फक्त आमच्यासारख्या चार हौशी माणसांचं आहे असं समजू नये. कोकणात आता होमस्टेवाले पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवतात, किल्ल्याला फेरी मारून आणतात. त्यांच्याकडेही ओबीएम आहे आणि पेट्रोलचे डबे आहेत. ते डबे पाहुण्यांच्या पायाशी असतात, आणि मोटर उतरवायला दहावीतला पुतण्या असतो. नियम त्यांनाही तेच लागू आहेत: डबा घट्ट झाकणाचा आणि माणसांपासून लांब, मोटरला सुरक्षेची दोरी, आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला किल कॉर्ड. तो पाण्यात पडला की मोटर तिथल्या तिथे बंद झाली पाहिजे.

बंदरांची कामं काढणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. आपले धक्के लाँच आणि ट्रॉलरच्या उंचीचे आहेत. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो. दक्षिणेला तो कमी होत जातो, तरी मालवणातही माणसाच्या उंचीहून जास्त असतो. ओहोटीला डिंगी धक्क्याच्या पायथ्याशी येते, समोर शेवाळलेल्या पायऱ्या आणि त्यांना चिकटलेली कालवं. कालवाची कड फुगवलेल्या डिंगीला ब्लेडसारखी कापते. प्रत्येक बंदरात दहा-बारा मीटरचा एक बुटका तरंगता तराफा, पाण्याबरोबर वर-खाली होणारा, आणि किनाऱ्याला जोडणारी एक फळी: एवढं झालं तरी लहान मच्छीमार, शाळेला तरीने जाणारी मुलं, म्हातारी माणसं आणि आमच्यासारखे सगळे सुखाने उतरतील. मोठ्या मरिनाची चित्रं कागदावर सुंदर दिसतात, ती होतील तेव्हा होवोत. तराफ्याला फार खर्च नाही.

आणि बोटमालकांना एवढंच सांगते. हंगामाचं पहिलं शीड चढवण्याआधी, बंदरातल्या शांत पाण्यात, बोटीवरच्या सगळ्यात हलक्या माणसाला डिंगीत उतरवा. त्याने मोटर सोडावी, वर घ्यावी, ठोकळ्यावर आवळावी, आणि मग डिंगी डेकवर बांधावी. तुम्ही हात खिशात ठेवून फक्त बघा. त्याला जमलं तर कोकणात खुशाल उतरा. नाही जमलं तर कप्पी बदला, आणि तरीही नाही जमलं तर मोटर विका आणि लहान घ्या.